रुग्णवाहिकेतून ईसीजी पाठवणे

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा बारा लीडचा (हृदयाची विद्युत नोंद बारा बाजूंनी दाखवणारा) ईसीजी रुग्णवाहिकेतच काढायचा आणि गाडी दारात लागण्याआधी तो रुग्णालयातल्या हृदयरोगतज्ज्ञापर्यंत पोचवायचा, अशी ही पद्धत. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद होऊन येणारा झटका, म्हणजे 'स्टेमी', वेळेत पकडणे हा तिचा मुख्य हेतू. पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १० मिनिटांत ईसीजी आणि ९० मिनिटांत अँजिओप्लास्टीने वाहिनी उघडणे, असे उद्दिष्ट मानले जाते. दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले तर १२० मिनिटे. तेही जमण्यासारखे नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ३० मिनिटांच्या आत. ईसीजीची पट्टी आधी पोचली की कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीची) माणसे घरून निघतात आणि स्ट्रेचर कॅज्युअल्टीत न अडकता थेट वर जाऊ शकते. दिवसा, सगळे जागेवर असताना, हा फायदा फारसा जाणवत नाही. रात्री अडीच वाजता जाणवतो.

कल्पना जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ईसीजीचे जनक आइन्थोव्हेन यांनी १९०५ साली सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून ईसीजी आणला होता. बेलफास्टला डॉ. पँट्रिज यांनी १९६६ मध्ये हृदयरुग्णांसाठी फिरते पथक सुरू केले आणि त्याच दशकात मायामीत डॉ. नेगल यांनी अग्निशमन दलाच्या जवानांकडून रेडिओवर ईसीजी मागवायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली: २३३ प्रगत जीवरक्षक सोयींच्या, ७०४ प्राथमिक सोयींच्या, नियंत्रण केंद्र पुण्यात. गाडीत एक डॉक्टर आणि एक पायलट (१०८ मध्ये चालकाला पायलटच म्हणतात). पायलट स्टिअरिंगवर बसला की मागे एकच माणूस आणि दोनच हात उरतात. ऑक्सिजन, सलाइन, ॲस्पिरिनची गोळी चावायला देणे, नातेवाइकांना उत्तरे देणे, केंद्राचा फोन घेणे आणि त्यातच पट्टी पाठवणे. नव्या उपकरणाबद्दल पथकांची कुरकुर असते ती बहुधा याच हिशेबाची, तंत्रज्ञानाच्या तिटकाऱ्याची नव्हे. गोव्यातल्या स्टेमी प्रकल्पात छोट्या सरकारी रुग्णालयांतले ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातात. तिथे पट्टी काढणारा किमान एका जागी उभा असतो.

पाठवण्याआधी पट्टी नीट निघाली पाहिजे, आणि निम्मी गडबड इथेच होते. इलेक्ट्रोड दहा: चार हातापायांना, सहा छातीवर (व्ही-१ ते व्ही-६). व्ही-१ आणि व्ही-२ छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत. व्ही-४ पाचव्या फटीत, हासळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ यांच्या मध्ये. व्ही-५ आणि व्ही-६ व्ही-४ च्याच पातळीवर काखेकडे. घाईत व्ही-१, व्ही-२ वर सरकतात आणि नसलेला दोष दिसू लागतो. स्त्री रुग्णाचा व्ही-४ संकोचाने स्तनावरच चिकटवला जातो; तो स्तनाखाली जायला हवा, त्यासाठी चादर धरणारे कोणीतरी लागते. हातांच्या तारा उलट लागल्या तर लीड-१ उलटी येते. आणि बाम! गाडी येईपर्यंत घरच्यांनी छातीला बाम नाहीतर खोबरेल चोळलेले असते, त्यावर घाम. इलेक्ट्रोड टिकत नाही. कोरड्या गॉजने खसखसून पुसायचे, दाट केस असतील तर तेवढ्या जागी रेझर फिरवायचा. मग गाडी बाजूला घेऊन थांबवायची. पट्टी दहा सेकंदांचीच असते. खड्ड्यांतून धावताना काढलेल्या तीन पट्ट्यांपेक्षा थांबून काढलेली एक लवकर होते.

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आणि १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची आहे ना, हे पट्टीवरच पाहावे. मॉनिटरचे ०.५ ते ४० हर्ट्झचे फिल्टर लावलेले राहिले तर रेषा देखणी येते, पण एसटीचा भाग (रेषेचा तो तुकडा, ज्याच्या चढावरून स्टेमी ओळखतात) बदलू शकतो, निदानासाठी ०.०५ ते १५० हर्ट्झ लागते. यंत्राने वर छापलेले निदान कंपनांना आणि जुन्या बंडल ब्लॉकला (हृदयातल्या विद्युत वाटेतल्या अडथळ्याला) फसते, म्हणून तेवढ्यावर कॅथलॅब उठवू नये.

पाठवायचे दोन मार्ग. यंत्र स्वतः मोडेमवरून फाइल धाडते, किंवा कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. फोटोचा मार्ग कोणी शिकवावा लागत नाही, म्हणून तोच जास्त चालतो. त्यात कागद वळलेला असतो, दिव्याची चकाकी पडते, कोन तिरका असल्याने चौकटी ताणल्या जातात. एसटीच्या एक मिलिमीटरच्या चढावर निर्णय असताना हे परवडत नाही. कागद सपाट ठेवून, वरून सरळ, बाराही लीड आणि कॅलिब्रेशनची खूण चौकटीत घेऊन फोटो काढावा. नाव-पत्ता असलेला फोटो पंचवीस जणांच्या ग्रुपवर टाकणे हा वेगळाच घोळ.

घाटात रेंज जाते. यंत्र फाइल धरून ठेवते आणि पलीकडे उतरल्यावर सोडते. तोवर वीस मिनिटे उलटलेली असू शकतात. पाहणाऱ्याला ती आत्ताची वाटते. यंत्राचे घड्याळ बॅटरी पूर्ण उतरल्यावर चुकीची वेळ दाखवू लागले असेल तर पट्टीवरच्या वेळेचाही आधार उरत नाही. नाव भरायला सवड नसते म्हणून क्रमांकाच्या जागी शून्ये राहतात, आणि लागोपाठ दोन रुग्णांची पट्टी एकाच नावावर दिसू शकते. वय, लिंग आणि केस क्रमांक, एवढे तरी टाकावेच.

खरा अडथळा बहुतेकदा पलीकडे असतो. पट्टी 'गेली' असे पडद्यावर दिसते, पण ती ज्या फोनवर गेली तो ड्यूटी संपवून गेलेल्या रेसिडेंट डॉक्टरच्या खिशात असतो. फोन माणसाचा नको, विभागाचा हवा. चार्जरसकट एका ठरलेल्या टेबलावर. उत्तरही ठरलेले हवे: पाहिली, स्टेमी आहे किंवा नाही, अमुक दाराने या. दोन-तीन मिनिटांत ते आले नाही तर गाडीतल्या डॉक्टरने स्पीकरवर फोन लावावा आणि पट्टी तोंडी वाचावी: 'लीड दोन, तीन, एव्हीएफमध्ये एसटी वर, बीपी नव्वद.' अशा, हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात छातीच्या उजव्या बाजूची व्ही-४ आर लीडही काढतात. हृदयाची उजवी बाजूही झटक्यात सापडली असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने बीपी कोसळतो. वायरलेसच्या काळातली ही तोंडी वाचण्याची सवय जुन्या पथकांना अजून आहे; नव्यांना ती मुद्दाम शिकवावी लागते.