नाव बदलून लायब्ररी जुनी होत नाही

रावेरला एका केळी व्यापाऱ्याकडे वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर उबुंटू 22.04 या लिनक्सवर चालेना. ‘लिबएसएसएल 1.1 सापडत नाही’, एवढंच म्हणे. ही ओपनएसएसएलची लायब्ररी, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. आपल्याकडचा ठरलेला तोडगा म्हणजे नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक, म्हणजे त्याच फाइलकडे नेणारं दुसरं नाव, द्यायची. मीही दिली होती, भो! चालत नाही ते. प्रोग्राम नुसतं नाव बघत नाही, आतल्या फंक्शनांवरचे आवृत्तीचे शिक्केही तपासले जातात. 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 येतं, त्यात 1.1 चे शिक्केच नाहीत. लगेच दुसरी एरर. त्यापेक्षा जुनी लायब्ररी वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ (LD_LIBRARY_PATH) त्या एकाच प्रोग्रामपुरता द्या. मात्र 1.1 मधल्या शेवटच्या 1.1.1 च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या सप्टेंबर 2023 मध्येच थांबल्या, तेव्हा त्या मशीनला इंटरनेट नकोच.