बापाची प्रोस्टेटची गोळी, लेकाची केसांची गोळी

जळगाव-धुळ्याच्या मेडिकलवर फिनास्टेराइड दोन मापांत मिळतं: प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांतली ग्रंथी) वाढून लघवी अडणाऱ्या साठीतल्या माणसासाठी ५ मिलिग्रॅम, टक्कल पडू लागलेल्या तरुणासाठी १ मिलिग्रॅम. औषध एकच. म्हणून काही जण मोठ्या गोळीचे चार तुकडे करतात. त्यात धोका बायकोला, तीही गरोदर असेल तर: फुटलेल्या गोळीची भुकटी अंगात गेल्यास मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते.

वृषण काढलेल्यांना टक्कल पडत नाही, ही नोंद हिपोक्रेटिसच्या सूत्रांतही आहे. पुरावा मात्र १९४२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी दिला. वयात येण्याआधी वृषण गमावलेल्यांचे केस शाबूत होते. पण त्यांच्यातल्या, घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन (वृषणांत तयार होणारा पुरुषी हार्मोन) दिलं की केस गळू लागले. नुसता हार्मोन पुरत नाही, वारसाही लागतो.

त्याच्या आदल्याच वर्षी चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगात वृषण काढून किंवा इस्ट्रोजेन हा बायकी हार्मोन देऊन आजार मागे हटतो हे दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. किंमत उघड होती: टेस्टोस्टेरॉनच आटल्यावर कामेच्छा जाते, ताठरता जाते, अंगातून गरम वाफा निघतात. पुढे आलेली ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं तेच काम शस्त्रक्रियेविना करतात. फक्त सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट चढतं, म्हणून ते दिवस झाकायला अँटीअँड्रोजेनची, म्हणजे पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारी, गोळी जोडतात.

वेगळी वाट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडली. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या काही कुटुंबांचं वर्णन केलं. त्यांच्यातले मुलगे जन्मताना मुलींसारखे दिसत आणि वयात येताना पुरुषी होत. त्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन होतं, पण त्याचं डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, त्याचंच अधिक जोरकस रूप) करणारं एन्झाइम दुबळं होतं. मोठेपणी प्रोस्टेट लहान राहिलं, टक्कल पडलं नाही. केसांची मुळं बारीक करणारं द्रव्य डीएचटी, आणि कामेच्छेचा मोठा भार टेस्टोस्टेरॉनवर. मग फक्त डीएचटी अडवायचं. त्यातून फिनास्टेराइड आलं. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये केसांसाठी त्याला मान्यता मिळाली. रक्तातलं डीएचटी ते साधारण ७० टक्क्यांनी उतरवतं, त्याच्याच जातीचं ड्युटास्टेराइड ९० टक्क्यांहून अधिक.

हिशेब कागदावर सुरेख, शरीरात तितका नाही. १ मिलिग्रॅमच्या चाचण्यांत कामेच्छा घटल्याची तक्रार १.८ टक्के जणांनी केली, तर नुसत्या खोट्या गोळीवर असलेल्यांपैकी १.३ टक्क्यांनी. ताठरतेच्या तक्रारीचे आकडे १.३ आणि ०.७. वीर्यही कमी पडू शकतं, कारण त्यातला मोठा द्रव प्रोस्टेट आणि शुक्राशयातून येतो. बहुतेकांचा त्रास गोळी सोडल्यावर जातो. पण काहींचा राहतो, अशा तक्रारी आल्यावर २०१२ मध्ये अमेरिकेत माहितीपत्रकात तशी नोंद घालावी लागली. 'काही होत नाही' असं सांगून गोळी देणारा म्हणूनच अर्धवट सांगतो. आणखी दोन गोष्टी हमखास राहून जातात. या गोळीने पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीत रक्तात मोजतात ते प्रथिन) साधारण निम्मा दिसतो, तेव्हा तपासणीआधी ती सांगायलाच हवी. आणि शेवटच्या गोळीनंतर फिनास्टेराइडवाल्याने महिनाभर, ड्युटास्टेराइडवाल्याने सहा महिने रक्तदान करू नये. दुसरं औषध अंगातून निघायला फार वेळ घेतं.

बायकांच्या केसगळतीला बहुधा स्पायरोनोलॅक्टोन देतात. मुळात ते लघवी वाढवणारं रक्तदाबाचं औषध, अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन अडवणं हा त्याचा जोडगुण. पाळी पुढेमागे होते, कधी कामेच्छाही मंदावते. गर्भ राहू शकत असेल तर गर्भनिरोधक लागतंच. शिवाय ते अंगात पोटॅशियम साठवतं. निरोगी तरुणीला रावेर-यावलची केळी खुशाल चालतात, पण मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासूनच ठरवावं. भुसावळच्या मे महिन्यात, घामाने अंग आधीच कोरडं पडत असताना, या गोळीवर चक्कर येऊ लागली तर नुसतं ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नये. रक्तदाब मोजून डॉक्टरांना विचारावं.