पार्श्वभूमी: गोंगाटाचे नियम आणि नगरपालिकेची हद्द

वस्तीतील गोंगाट आवरण्याची जबाबदारी बहुतेक देशांत या ना त्या स्वरूपात स्थानिक संस्थेकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, परिषदेकडे किंवा त्या भागातील पोलिसांकडे येते. रात्री किती वाजेपर्यंत ध्वनिक्षेपक चालावा, बांधकामाची यंत्रे सकाळी केव्हा सुरू व्हावीत, रुग्णालयाजवळ भोंगा वाजवावा की नाही, असे प्रश्न तिच्याच दारी येतात. या नियमांचा इतिहास पाहिला, तर स्थानिक सत्तेने रस्त्यावरचे वादक, फेरीवाले आणि छोटे कारागीर यांना तुलनेने चटकन गप्प केले, आणि शहरातील सर्वांत मोठे आवाज मात्र बव्हंशी तिच्या अधिकाराबाहेर राहिले, असे चित्र पुन्हापुन्हा दिसते.

सर्वांत जुने उदाहरण म्हणून दक्षिण इटलीतील सिबारिस या ग्रीक वसाहतीचे नाव घेतले जाते. लोहार, सुतार यांसारख्या ठोकाठोकीच्या व्यवसायांना तेथे नगरात परवानगी नव्हती आणि कोंबडे पाळण्यासही मनाई होती, असे अथेनियस या ग्रीक लेखकाने नोंदवले आहे. मात्र सिबारिस इसवी सनापूर्वी 510 च्या सुमारास नष्ट झाले आणि अथेनियस त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहीत होता, शिवाय सिबारिसच्या ऐषआरामाच्या कथा रंगवून सांगण्याची ग्रीकांना हौस होती. त्यामुळे ही नोंद पुरावा म्हणून जपूनच वापरावी लागते. रोमविषयी माहिती अधिक ठोस आहे. इसवी सनापूर्वी 45 च्या सुमारास, ज्युलियस सीझरच्या काळात, बहुतेक मालगाड्यांना सूर्योदयापासून दिवस मावळायला दोनएक तास उरेपर्यंत शहरात फिरण्यास बंदी घालण्यात आली; देवळांच्या आणि सार्वजनिक बांधकामांच्या साहित्यासारख्या काही वाहतुकीला सूट होती. या बंदीचा हेतू गोंगाट कमी करणे हा नव्हता, अरुंद रस्त्यांवरची गर्दी हटवणे हा होता. परिणाम असा झाला की चाकांचा खडखडाट रात्रीवर ढकलला गेला, आणि पुढे दीडशे वर्षांनी जुवेनाल हा कवी रोममध्ये झोप मिळवायची तर श्रीमंतच असावे लागते, अशी तक्रार करताना दिसतो. एका अडचणीवरचा नियम दुसरी अडचण कोणाच्या तरी उशाशी नेऊन ठेवतो, हे नगरप्रशासनाला तेव्हापासून ठाऊक असायला हरकत नव्हती.

युरोपात नंतरची अनेक शतके गोंगाट हा स्वतंत्र विषय मानला गेला नाही. इंग्लंडमध्ये तो ‘उपद्रव’ या जुन्या न्यायकल्पनेखाली, दुर्गंधी आणि धुराच्या पंक्तीत बसला. शेजाऱ्याच्या वागण्यामुळे आपल्या घराचा सुखाने उपभोग घेता येत नसेल, तर न्यायालयात जाता येत असे. पण काय सोसावे आणि काय सोसू नये, याचे मोजमाप नव्हते. या विचाराला वळण देणारा खटला लंडनमधील एक डॉक्टर आणि त्याच्या मागच्या बाजूचा मिठाईवाला यांच्यातला, 1879 सालचा आहे. मिठाईवाल्याचे मोठे खल वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते आणि तोवर कोणाचीच तक्रार नव्हती. डॉक्टरने आपल्या बागेच्या टोकाला, खलांच्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि मग ठोक्यांचा त्रास सुरू झाला. मिठाईवाला आधीपासून तेथे होता हा त्याचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. त्याच निकालात आणखी एक विचार मांडला गेला: बेलग्रेव्ह स्क्वेअरसारख्या उच्चभ्रू भागात जो आवाज उपद्रव ठरेल, तो बर्मंडसीसारख्या कातडी कमावण्याच्या भागात उपद्रव ठरेलच असे नाही. निवासी, व्यापारी आणि औद्योगिक क्षेत्रांसाठी आज जगभर ज्या वेगवेगळ्या ध्वनिमर्यादा आढळतात, त्यांच्या मागे हीच धारणा आहे. गरीब वस्तीने अधिक आवाज सोसावा असा तिचा एक अर्थ निघतो, आणि तो कधीच पुरता पुसला गेलेला नाही.

खाजगी दाव्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पोलीस. लंडनच्या 1839 च्या पोलीस कायद्याने घरमालकाला हा अधिकार दिला होता की, घरात कोणी आजारी असल्यास किंवा अन्य वाजवी कारण असल्यास, रस्त्यावरच्या वादकाला तेथून जाण्यास सांगावे. ‘वाजवी कारण’ म्हणजे काय यावरून वाद होत राहिले. गणनयंत्राचा जनक म्हणून ओळखला जाणारा चार्ल्स बॅबेज या वादाच्या अग्रभागी होता; फिरत्या ऑर्गनवाल्यांविरुद्ध त्याने इतक्या तक्रारी केल्या, की लोक मुद्दाम त्याच्या खिडकीखाली वाद्ये वाजवू लागले. मायकल बॅस या खासदाराने पुढाकार घेतला, चार्ल्स डिकन्ससह अनेक लेखक-कलावंतांनी पाठिंबा दिला, आणि 1864 मध्ये कायदा बदलला. आता घरातील माणसाच्या नेहमीच्या कामात व्यत्यय येणे हेही वादकाला हुसकावण्याचे कारण ठरले आणि न ऐकल्यास 40 शिलिंगांपर्यंत दंड होऊ लागला. हे ऑर्गनवाले बहुतांशी गरीब इटालियन स्थलांतरित होते. त्याच काळात लंडनच्या मध्यापर्यंत रेल्वे येत होती आणि तिच्या शिट्ट्या वादकांच्या सुरांपेक्षा कितीतरी मोठ्या होत्या. पण रेल्वेला संसदेने अधिकार दिलेले होते आणि तिला खिडकीतून ‘पुढे जा’ म्हणण्याची सोय नव्हती.

अधिकाराची ही भिंत न्यूयॉर्कमध्ये 1905 च्या सुमारास अधिक स्पष्ट झाली. हडसन नदीकाठी राहणाऱ्या ज्युलिया बार्नेट राइस यांना नदीतील ओढबोटींच्या शिट्ट्यांनी रात्रभर झोप लागत नसे. या शिट्ट्या सुरक्षेसाठी कमी आणि खलाशांच्या आपापसातील गप्पांसाठी जास्त वाजत. नुसती तक्रार करून न थांबता राइस यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिट्ट्या मोजायला बसवले आणि एका रात्रीत सुमारे 3,000 शिट्ट्यांची नोंद मिळवली. नदी आपल्या अखत्यारीत येत नाही, असे शहरातील एकेका खात्याने सांगितल्यावर त्या वॉशिंग्टनपर्यंत गेल्या, आणि 1907 मध्ये संघराज्याच्या काँग्रेसने बंदरांतील अनावश्यक शिट्ट्यांना आळा घालणारा कायदा केला. डिसेंबर 1906 मध्ये त्यांनी अनावश्यक गोंगाटाविरुद्ध संस्था स्थापन केली होती. तिच्या प्रयत्नांतून रुग्णालयांभोवती शांतता क्षेत्रे आखण्याचा नियम शहराने केला. त्यातही ‘अनावश्यक’ हा शब्द मोलाचा ठरला. उद्योग आणि वाहतूक यांचा आवाज आवश्यक धरून चालायचे आणि उरलेल्यावर बोट ठेवायचे, ही तडजोड या चळवळीने स्वीकारली म्हणूनच तिला व्यापाऱ्यांचा विरोध कमी झाला.

जर्मनीत 1908 मध्ये थिओडोर लेसिंग या तत्त्वचिंतकाने हॅनोव्हर येथे गोंगाटविरोधी संघ काढला. गालिचे झोडपण्यापासून मोटारीच्या भोंग्यांपर्यंत सगळ्यावर त्याचा रोख होता. परंतु गोंगाट हे असंस्कृतपणाचे लक्षण आहे या त्याच्या भूमिकेमुळे संघ सुशिक्षित मध्यमवर्गाबाहेर पोहोचला नाही आणि तीनेक वर्षांतच गुंडाळला गेला.

खरा बदल घडवला तो मोजमापाने. बेल टेलिफोनच्या अभियंत्यांनी 1920 च्या दशकात डेसिबल हे एकक रूढ केले आणि त्याच सुमारास ध्वनी मोजण्याची सुवाह्य उपकरणे रस्त्यावर आली. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त शर्ली विन यांनी 1929 मध्ये गोंगाट निवारण आयोग नेमला. उपकरणे बसवलेली मोटार शहरभर फिरली, वृत्तपत्रांत छापलेल्या प्रश्नावलीला 11,000 हून अधिक उत्तरे आली, आणि वाहतूक हे तक्रारींचे सर्वांत मोठे कारण ठरले. आयोगाचा अहवाल 1930 मध्ये प्रसिद्ध झाला. आयोगाकडे अंमलबजावणीचा अधिकार नव्हता आणि मंदीच्या काळात शहराला इतर चिंता होत्या, त्यामुळे त्याच्या बहुतेक शिफारशी कागदावर राहिल्या. पुढे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी 1935 च्या ऑक्टोबरमध्ये ‘निःशब्द रात्रीं’ची मोहीम काढली आणि 1936 मध्ये शहराचा गोंगाटविरोधी नियम आला. नेमक्या त्याच 1936 च्या जानेवारीपासून ला गार्डिया यांनी ऑर्गनवाल्यांना शहरातून हद्दपार केले. वाहतूक पहिल्या क्रमांकावर आहे हे आकड्यांनी सिद्ध झाले होते; बंद झाला तो ऑर्गन.

आकडा आला म्हणून वाद संपला, असे मात्र झाले नाही. डेसिबलचे प्रमाण साध्या बेरजेने चालत नाही: 3 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट, 10 डेसिबलची वाढ म्हणजे दहापट, आणि तरी कानाला तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो. त्यामुळे 55 आणि 65 या आकड्यांतील फरक सामान्य माणसाला, आणि पुष्कळदा नियम करणाऱ्या सभासदांनाही, किरकोळ वाटतो. दुसरी अडचण ‘अ’ भारांकनाची, म्हणजे मोजताना उंच-खालच्या ध्वनींना कमीअधिक वजन देण्याच्या पद्धतीची आहे. 1930 च्या दशकात हलक्या आवाजांच्या श्रवणचाचण्यांवरून ठरलेले हे भारांकन खर्जातील ध्वनींना फार कमी वजन देते. भिंती भेदून येणारा, छातीत धडधडणारा खर्ज नेमका या मापनात बारीक दिसतो. न्यूयॉर्कने 2005 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2007 च्या जुलैपासून लागू झालेल्या संहितेत व्यावसायिक संगीतासाठी, एकूण पातळीखेरीज, ठरावीक खालच्या पट्ट्यांतील आवाजावर वेगळी मर्यादा घातली गेली ती यामुळेच. अनेक शहरांनी तर उपकरण बाजूला ठेवून ‘अमुक अंतरावर स्पष्ट ऐकू येतो का’ ही जुनी कानाची कसोटी कायम ठेवली आहे. साध्या शिपायाला ती जागेवर लावता येते, हे तिचे बळ. ऐकणारा बदलला की निष्कर्ष बदलतो, हे तिचे दुबळेपण.

ध्वनिक्षेपक आल्यावर प्रश्नाला भाषणस्वातंत्र्याची बाजू जोडली गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये लॉकपोर्ट शहराचा नियम रद्द केला, कारण ध्वनिक्षेपकाची परवानगी द्यायची की नाही हे कोणत्याही निकषाविना पोलीस प्रमुखाच्या मर्जीवर सोडले होते. दुसऱ्याच वर्षी ट्रेंटन शहराचा, मोठ्या आणि कर्कश आवाजाच्या ध्वनिवाहनांवरचा, म्हणजे ध्वनिक्षेपक लावून फिरणाऱ्या गाड्यांवरचा, नियम त्याच न्यायालयाने टिकवला. आवाजाच्या पातळीला, वेळेला आणि जागेला बंधन घालता येते, पण आशय पाहून किंवा अधिकाऱ्याच्या लहरीनुसार नाही, हे सूत्र या दोन निकालांतून आकाराला आले. बरबँक शहराची गोष्ट वेगळी. तेथील नगरपालिकेने रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेत विमानतळावरून जेट विमानांच्या उड्डाणाला बंदी घातली होती. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. हवाई वाहतुकीचे नियमन संघराज्याचे आहे आणि शहराला त्यात पोलिसी अधिकार वापरता येणार नाही, असे बहुमताने म्हटले. ध्वनिवाहनाला रोखता आलेल्या व्यवस्थेला विमान रोखता आले नाही.

ब्रिटनमध्येही हीच मर्यादा कायद्यातच लिहिलेली आहे. तेथे 1960 च्या कायद्याने गोंगाट हा वैधानिक उपद्रव ठरला आणि परिषदांना थेट कारवाईचा अधिकार मिळाला. त्याआधी काही नगरपालिकांनी संसदेकडून स्वतःपुरते कायदे मंजूर करून घेतले होते. 1974 च्या कायद्याने बांधकामाच्या जागा कक्षेत आणल्या, 1990 च्या कायद्याने वैधानिक उपद्रवांच्या तरतुदी एकत्र बांधल्या. परंतु प्रतिकृती-विमाने वगळता इतर विमानांचा आवाज त्यातून स्पष्टपणे बाहेर ठेवला. उलट 1996 च्या कायद्याने रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेत शेजारच्या घरातून येणाऱ्या आवाजाला नेमकी मर्यादा दिली. ती तक्रारदाराच्या घरात मोजायची होती, म्हणजे अधिकाऱ्याला रात्री उपकरण घेऊन जाणे भाग होते. सुरुवातीला हा कायदा स्वीकारणे ऐच्छिक होते आणि फार थोड्या परिषदांनी तो स्वीकारला. नियम कितीही रेखीव असला तरी रात्रपाळीला माणूस नसेल तर तो निरुपयोगी ठरतो, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत कमी लिहिली गेलेली बाजू हीच आहे.

इतरत्र सत्तेची वाटणी निराळी झाली. जपानच्या 1968 च्या कायद्यात क्षेत्रे मुळात राज्यपाल ठरवत असे आणि कारखान्यांवर, बांधकामांवर नजर स्थानिक महापौर ठेवतो. अमेरिकेने 1972 मध्ये राष्ट्रीय कायदा केला, पण 1980 च्या दशकाच्या आरंभी त्याच्या कार्यालयाचा निधी बंद झाला. कायदा रद्द न होता नुसता पडून राहिला आणि भार पुन्हा शहरांवर आला. भारताच्या 2000 सालच्या नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, पण कारवाईचा अधिकार मुख्यतः जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधिकारी यांच्याकडे सोपवण्याची रचना असल्याने, निवडून आलेल्या नगरपालिकेची भूमिका त्यात दुय्यम राहते.

अलीकडच्या काळात ‘आधी कोण होते’ हा 1879 मध्ये फेटाळलेला प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. जुन्या संगीतगृहाशेजारी नव्या इमारती उठतात, रहिवासी येतात, तक्रारी करतात आणि संगीतगृह बंद पडते. यावर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये आणि इंग्लंडने 2018 मध्ये नियोजनाच्या नियमांत अशी तरतूद केली, की जो नवे बांधकाम आणतो त्यानेच ध्वनिरोधाची सोय करावी. फ्रान्समध्ये एका बेटावरील कोंबड्याच्या आरवण्यावरून सुट्टीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला आणि 2019 मध्ये ते हरले. 2021 च्या कायद्याने ग्रामीण भागाचे आवाज आणि वास हे वारसा म्हणून मान्य केले.

युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशानुसार मोठ्या शहरांना दर पाच वर्षांनी गोंगाटाचे नकाशे तयार करणे बंधनकारक केले, परंतु कोणतीही कमाल मर्यादा घालून दिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये रस्त्यावरील वाहतुकीसाठी रात्री 45 आणि विमानांसाठी रात्री 40 डेसिबलच्या खाली राहण्याची शिफारस केली. विमानांसाठीची मर्यादा अधिक कडक आहे, आणि विमानांवरच शहरांचा अधिकार सर्वांत कमी चालतो. रस्त्यावरच्या वाहनांबाबत पॅरिसने 2022 पासून गोंगाट टिपणाऱ्या स्वयंचलित यंत्रांचे प्रयोग सुरू केले. अनेक ध्वनिग्राहकांवरून आवाजाची दिशा काढून, तो नेमका कोणत्या मोटारसायकलचा आहे, हे ही यंत्रे ओळखतात आणि तिचे छायाचित्र घेतात. यंत्रे शहराच्या रस्त्यावर उभी असली तरी त्यांचा आधार फ्रान्सच्या संसदेने 2019 मध्ये केलेल्या वाहतूक कायद्यात आहे, आणि मोजमापातील त्रुटी किती ग्राह्य धरायची व त्यावरून दंड कसा करायचा, हे ठरवण्याचा अधिकारही महापौराकडे नव्हे तर केंद्रीय शासनाकडे आहे.