एकच राक्षस, वेगळा रंग

जळगावच्या एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात रंग बदलण्याची वेळ बघण्यासारखी असते. हिरव्याचा लॉट संपलेला असतो, यंत्राच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, लाल मास्टरबॅच (रंगाचा दाट दाणा) मिसळलेला दाणा पडतो, पण माल वितळतो त्या बॅरलला आतून चिकटलेला हिरवा माल एका झटक्यात बाहेर येत नाही. मधल्या वेळात जे निघतं ते धड हिरवं नसतं, धड लालही नसतं. मळकट चॉकलेटी, मध्येच पट्टे पडलेलं. चटईवाला ते बाजूला टाकतो आणि पुन्हा दळायला लावतो. खेळण्यांच्या कारखान्यांत मात्र असा मधला माल सगळाच दळला गेला नाही. बराचसा पिशव्यांत भरून विकला गेला, आणि आज जुने प्लास्टिकचे राक्षस गोळा करणारी माणसं नेमके तेच पट्टेरी, मळकट नग शोधत फिरतात.

या छंदाची माणसं खान्देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप जमवणारे जळगाव-धुळ्यात पूर्वीपासून आहेत, त्यांना कोणी हसत नाही. पण काचेच्या कपाटात दोन इंचांचा जांभळा राक्षस, शेजारी तोच पिवळा, तोच हिरवा अशी रांग दिसली की घरी आलेला पाहुणा ‘हाई काय शे भो?’ विचारतोच. पुढचा प्रश्न पैशाचा: साचा एक, माप एक, मग त्या एकाच रंगाला एवढा भाव कशाचा? त्याचं उत्तर कारखान्याच्या हिशेबात सापडतं, आणि तो हिशेब साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेपासून मांडावा लागतो.

युनिव्हर्सल स्टुडिओने ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनवरचे भयपट काढले ते १९३१ मध्ये. पुढे १९५७ मध्ये याच स्टुडिओच्या ५२ जुन्या चित्रपटांचा गठ्ठा अमेरिकी टीव्ही केंद्रांना विकला गेला. आईबापांनी तरुणपणी थिएटरात पाहिलेली भुतं पोरांनी रात्री घरात बसून पाहिली, आणि राक्षसांना लहान गिऱ्हाईक मिळालं. १९६१ मध्ये ऑरोरा कंपनीने फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा घरी जोडून रंगवायचा संच काढला, तो धडाक्यात खपला. १९६३ मध्ये लुई मार्क्स अँड कंपनीने ममी, लांडगामाणूस, कुबड्या वगैरे सहा जणांचे सुमारे सहा इंची पुतळे बाजारात आणले. मार्क्स ही १९१९ साली निघालेली आणि एके काळी जगातली सर्वांत मोठी समजली जाणारी खेळणी कंपनी. तिचे हे राक्षस नखशिखांत एका रंगाचे, ब्रश न लागलेले होते.

रंगकाम नसण्याचं कारण साधं आहे. वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरायच्या पद्धतीत, म्हणजे इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, खरा खर्च पोलादी साच्याचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत डायचा. डाय कोरायला महिने जातात आणि पैसाही भरपूर लागतो. दाणा त्या मानाने स्वस्त. साचा एकदा भरला की तो एक शॉट, आणि शॉटमागे काही सेकंदांत नग पडतो; त्याच्या ओठांना लाल आणि डोळ्यांना पांढरा रंग द्यायला माणूस बसवला, तर नगापेक्षा मजुरी महाग पडते. म्हणून रंग वरून न देता दाण्यातच घालायचा. आणि एकदा डाय केली की ती झिजेपर्यंत चालवायची. गिऱ्हाइकाला तोच राक्षस दुसऱ्यांदा विकायचा असेल, तर त्यात बदलता येण्यासारखी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे रंग. मार्क्स १९८० च्या सुमारास बुडाली, तिच्या डाय दुसऱ्यांच्या हातात गेल्या आणि त्यांतून पुन्हा माल पडत राहिला. त्यामुळे पहिल्या काळातला कोणता आणि नंतरचा कोणता हे ठरवताना जाणकार आधी रंग बघतात, मग प्लास्टिकचा कडकपणा.

जपानची वाट निराळी. तिथे १९६६ साली टीव्हीवर अल्ट्रामॅन आला आणि दर आठवड्याला नवा अजस्र प्राणी शहरं पाडू लागला. मारुसान कंपनीने त्याच वर्षी या प्राण्यांची मऊ व्हिनाइलची खेळणी काढायला सुरुवात केली. पातळ पीव्हीसी धातूच्या साच्यात ओतायचं, साचा कढत तेलात बुडवायचा, कडेला थर धरला की आतलं उरलेलं पीव्हीसी परत ओतून घ्यायचं आणि साचा गरम असतानाच पकडीने ओढून पोकळ नग बाहेर काढायचा, अशी ही पद्धत. या पोकळ बाहुल्यांना जपानी लोक सोफुबी म्हणतात. व्हिनाइलचा मूळ रंग एक आणि त्यावर स्प्रेचे दोन-तीन फवारे. मारुसान १९६८ मध्ये बसली. तिथल्याच माणसांनी पुढे बुलमार्क कंपनी उभी केली, जुने साचे वापरले आणि वरचे फवारे बदलले. म्हणून एकाच गॉडझिलाच्या अंगाचा आणि फवाऱ्याचा रंग जुळवून पिढ्या ठरवण्याचं शास्त्र तिकडे तयार झालं. त्या शास्त्रातली बारीक भांडणं ऐकली तर आपल्याकडचे गाण्यातल्या घराण्यांचे वाद सौम्य वाटतील.

मला मात्र या सगळ्यात हाँगकाँगचा अध्याय सर्वांत रंगतदार वाटतो. साठ-सत्तरच्या दशकांत तिथले छोटे कारखाने जपानी प्राण्यांच्या नकला करत, त्यांत मनाची भर घालत आणि पाकिटावर ‘प्रागैतिहासिक प्राणी’ असं ठोकून देत. परवाना नाही, कारखान्याचं नाव नाही, पोटावर फक्त हाँगकाँग एवढा शिक्का. असाच एक पुडा अमेरिकेत गॅरी गायगॅक्स यांच्या हाती लागला. १९७४ साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे ते एक जनक. पटावर ठेवायला त्यांना राक्षस हवेच होते. पुड्यातल्या विचित्र नगांना त्यांनी नावं आणि खोड्या दिल्या. कोणी लोखंडाचा गंज खाणारा झाला, कोणी घुबडाच्या डोक्याचं अस्वल. आज जगभर खेळले जाणारे हे राक्षस मुळात कोणा अनाम कारागिराने, बहुधा घाईतच, कोरलेले आहेत.

माझ्याकडे या जातीचा एक नग आहे. रंग पोपटी, पण डाव्या पायापासून पिवळ्या रेघा निघून त्या पाठीवर पसरत शेपटीपर्यंत विरत गेल्यात. पायाच्या तळव्यावर तोडल्याची खरखरीत खूण आहे; साच्यात माल शिरतो ती जागा ती. पिवळा लॉट संपून हिरवा सुरू होताना हा शॉट पडला असणार, आणि रेघांवरून माल आत कसा धावला ते अजून वाचता येतं. दोन्ही पायांच्या मधे कागदासारखी पातळ कड सुटलीये, म्हणजे डाय झिजली होती किंवा तिला आवळून धरणारा दाब कमी पडला होता. मालाच्या दृष्टीने हा नापास नग.

रंग जाणूनबुजून विक्रीचं हत्यार म्हणून वापरले ते नंतर. १९८३ पासून जपानच्या बांदाई कंपनीने किन्निकुमान या मालिकेतले कुस्तीगीर-राक्षस नाणं टाकून फिरवायच्या यंत्रांतून विकले. नाव खोडरबराचं, पण वस्तू खोडण्याच्या कामाची नाही. पाच सेंटिमीटरच्या आसपास उंची, एकूण ४१८ आकार आणि प्रत्येक आकार अनेक रंगांत. यंत्रातून कोणता पडेल हे नशिबावर. १९८५ मध्ये मॅटेलने त्यांतलेच २३० हून जास्त आकार मसल या नावाने अमेरिकेत नेले; आधी सगळे फिक्या गुलाबी कातडीच्या रंगात, मागाहून लाल, निळे, जांभळे, हिरवे. गुलाबी ढिगाने मिळतात. रंगीत कमी काळ निघाले, आणि काही आकार काही रंगांत अजून कोणाला दिसलेच नाहीत. अशा याद्या पुऱ्या करण्यात लोकांची दशकं गेलीत.

मग १९९० मध्ये मॅचबॉक्सने ‘मॉन्स्टर इन माय पॉकेट’ काढलं. पहिल्या मालिकेत ४८ राक्षस, प्रत्येकाला ५ ते २५ गुण, लाल-पिवळा-हिरवा-जांभळा असे सपाट रंग, पुढे झगझगीत निऑन. जगभरच्या पुराणांतून राक्षस उचलताना कंपनीने काली उचलली, पाठोपाठ गणपती आणि मारुतीही. ब्रिटनमधल्या हिंदूंनी निषेध केला, आणि तो रास्तच होता. चार हात किंवा सोंड दिसली म्हणून देवाला राक्षसांच्या रांगेत बसवणं हे अज्ञान आहे, त्याला वेगळं नाव देता येत नाही. आपल्याकडचा संग्राहक या तीन नगांचं काय करतो हा मोठा गमतीचा विषय आहे. मला ठाऊक असलेल्या एकाने गणपती कपाटातून काढून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलाय. त्यामुळे त्याचा संच कायमचा अपुरा.

भारतात हा माल त्या काळी सरळ येत नव्हता, कारण खेळण्यांसारख्या वस्तूंच्या आयातीवर बंधनं होती. परवाना घेऊन इथेच बनवणं हा मार्ग. मॅटेलच्या परवान्याने लिओ कंपनीने ही-मॅन या कार्टून मालिकेतले बाहुले काढले. दूरदर्शनवर ती मालिका लागायची, त्यामुळे कवटीच्या तोंडाचा स्केलेटर खेड्यातल्या पोरांनाही ओळखीचा होता. १९८७ पासून एमआरएफच्या फनस्कूलने अमेरिकेच्या हॅस्ब्रोशी भागीदारी करून जी. आय. जो हे सैनिकी बाहुले घरोघर पोचवले. परदेशातून वापरलेल्या डाय यायच्या, पण रंग इथे ठरायचा. परिणाम असा, की अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे भलत्याच रंगात निघाला, आणि हात एका रंगाचे, पाय दुसऱ्या, अशी कॉम्बिनेशनं झाली. आपण ज्याला ‘इंडियावाला माल’ म्हणून नाक मुरडायचो, त्यासाठी आज परदेशी संग्राहक चांगले पैसे मोजतात.

खान्देशात मुंबईहून आणि सुरतेहून जो माल उतरायचा तो बहुतेक बिननावाचा. धुळ्याच्या एकवीरादेवीची चैत्रातली यात्रा, दत्तजयंतीचं सारंगखेडा, महाशिवरात्रीला मुक्ताई, कार्तिकी एकादशीचा जळगावचा रथ: गोडीशेवच्या दुकानाशेजारी पाल टाकून बसलेल्या खेळणीवाल्याकडे सुताने बांधलेल्या पुड्यांत डायनासोर, वाघ, राक्षस एकत्र असायचे. ते टिकले किती? फारच थोडे. इथे फुटकं प्लास्टिक घरात राहत नाही. बादली तुटली, खेळणं मोडलं की भंगारवाला घेऊन जातो, आणि जळगावसारख्या ठिकाणी, जिथे चटईचे कारखाने जुन्या प्लास्टिकवर चालतात, ते दळून पुन्हा दाणा व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्या देशांत माळ्यावर पडून राहिलेली खेळणी सापडतात. आपली यात्रेतली खेळणी कोणाच्या तरी ओसरीवर अंथरलेली असणार.

सगळीच नाही अर्थात. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यावर तरंगतं, पीव्हीसी बुडतं. भंगार निवडणारे टबात टाकून याच खुणेने माल वेगळा करतात, कारण पीव्हीसी मिसळलं तर दाणा बिघडतो. संग्राहकालाही हीच परीक्षा उपयोगी पडते. जुना जपानी छोटा राक्षस म्हणून विकायला आलेला, पोकळ नसलेला नग पाण्यावर तरंगला, तर तो पीव्हीसी नाही, म्हणजे सांगितलेला नग नाही. दुर्मीळ रंगाची नक्कल करणारे साध्या गुलाबी नगाला कपड्याच्या रंगात उकळतात. अशा वेळी काखेत, मांड्यांच्या फटीत बघावं. रंग तिथे साचतो नाहीतर पोचतच नाही; दाण्यात घातलेला रंग मात्र सगळीकडे सारखा असतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या या मुलखात साठवण हीच मोठी अडचण आहे. मऊ पीव्हीसीचे राक्षस उन्हाळ्यात मान टाकतात. गरम पाण्यात मऊ करून सरळ धरायचे आणि लगेच थंड पाण्यात सोडायचे, की बऱ्याचदा ताळ्यावर येतात. पत्र्याची पेटी नकोच. पीव्हीसीत मऊपणासाठी घातलेलं रसायन कालांतराने पाझरतं, नग चिकट होतो, आणि शेजारी पॉलिस्टायरीनचा कडक पुतळा असेल तर त्याला खड्डे पाडतो. म्हणून दोन जाती वेगळ्या ठेवाव्यात. निऑन रंग उन्हात सगळ्यांत आधी विटतात. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते, तेव्हा हे नग लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

२००१ मध्ये उपभोग्य मालाच्या आयातीवरची संख्येची बंधनं उठली आणि यात्रेतलं पाल चिनी पुड्यांनी भरून गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह सक्तीचं झालं. स्वस्त बिननावी राक्षसांचा ओघ त्यानंतर आटला. माझ्या मते पुढच्या संग्राहकांचा खरा माल हाच, २००१ ते २०२० मधला. अजून तो जामनेर-चोपड्याच्या जनरल स्टोअरच्या वरच्या फळीवर धूळ खात मिळतो. मिळाला तर पुड्याच्या तोंडाशी पिनेने ठोकलेली छापील कागदी पट्टी काढू नका. कोणते रंग एकाच पुड्यात भरले जात होते, याचा तेवढाच लेखी पुरावा असतो.