जिप्सी-ट्रॅव्हलर समाजाची सामूहिक जमीन आणि सहकारी वस्ती (ब्रिटन)

कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) लावायची जागा एकेकट्याच्या नावावर न घेता ट्रस्टच्या किंवा सहकारी संस्थेच्या नावावर घ्यायची, आणि प्रत्येक कुटुंबाने आपली पिच (म्हणजे एका कुटुंबाचा गाळा म्हणा) संस्थेकडून भाड्याने वापरायची, अशी ही पद्धत. ब्रिटनमध्ये बहुतेक पिच कौन्सिलच्या नाहीतर खासगी मालकीच्या, हा तिसरा मार्ग अजून लहानच आहे.

'जिप्सी' हे नाव 'इजिप्शियन'वरून, चुकीच्या समजुतीने पडलेलं. त्यांची रोमानी भाषा भारतातली हे १७८०च्या दशकापासून मान्य आहे, पण लोक तिथून निघाले कधी यावर एकमत नाही, ढोबळमानाने हजारएक वर्षांपूर्वी असं धरतात. भाषाशास्त्रज्ञ टर्नर यांनी १९२६ साली मांडलं की ही भाषा मुळात भारतीय भाषांच्या मध्य गटातली (हिंदीच्या बाजूची), वायव्येकडे नंतर सरकली, आणि तेच जास्त पटतं. इंग्लंडमधल्या रोमानीत शेताला 'पुव' म्हणतात, म्हणजे आपली भुईच ती. आयरिश ट्रॅव्हलर मात्र वेगळे, ते आयर्लंडचेच.

कम्युनिटी लँड ट्रस्टची, म्हणजे जमीन सामायिक ठेवून भाड्याने देणाऱ्या संस्थेची, कल्पना कुठून आली यावरही वाद आहे. कोणी इंग्लंडमधल्या १९०३ च्या लेचवर्थ उद्याननगरीकडे बोट दाखवतात. पहिला ट्रस्ट सहसा अमेरिकेत जॉर्जियातला, १९६९ चा 'न्यू कम्युनिटीज' धरतात, काळ्या शेतकऱ्यांचा, जवळपास ५,७०० एकरांचा. त्याची मंडळी आधी इस्रायलला जाऊन आलेली, पण त्यातले रॉबर्ट स्वान विनोबांच्या ग्रामदानाने भारावलेले होते, म्हणजे पवनारचा धागा इथपर्यंत पोचतो. दीर्घ भाडेपट्ट्याची रीत इस्रायलची आणि गावाने जमीन सांभाळायची हा विचार ग्रामदानाचा, असं मानणं बरं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने कॅराव्हॅनसाठी साइट पुरवणं कौन्सिलवर बंधनकारक केलं, १९९४ साली ते बंधन काढलं आणि स्वतःची जमीन घ्या असं सांगितलं. लोकांनी घेतली, पण जमीन आपली असली तरी प्लॅनिंग परमिशन (तिथे राहायची-बांधायची कौन्सिलची परवानगी) लागतेच, खरी गोम तिथेच. एसेक्समधल्या डेल फार्मवर जमीन त्यांच्याच मालकीची, काही भाग तर जुनं भंगाराचं आवार, तरी ग्रीन बेल्ट (शहराभोवती बांधकाम रोखलेला पट्टा) म्हणून बिनपरवाना भागातल्या ८० च्या आसपास कुटुंबांना ऑक्टोबर २०११ मध्ये उठवलं. ट्रस्ट केला म्हणून ही अडचण सुटत नाही, फक्त जमीन बाहेर विकली जात नाही. त्यात २०१५ साली फिरणं कायमचं थांबवलेल्यांना, म्हातारे-आजारीसुद्धा, प्लॅनिंगच्या नियमांतल्या 'जिप्सी-ट्रॅव्हलर'च्या व्याख्येतून वगळलं होतं, ते २०२२ साली अपील कोर्टाने भेदभावाचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये जुनी व्याख्या परत आली.

पिचवर साधारण एक स्टॅटिक (एका जागी राहणारी मोठी कॅराव्हॅन), एक टूरर (गाडीमागे ओढून न्यायची लहान) आणि वेगळी डे रूम असते, स्वयंपाक नि अंघोळीची. जुन्या रोमानी घरांत भांडी घासायचं घमेलं आणि कपडे धुवायचं घमेलं कधी एक करत नाहीत, ते 'मोखडी' म्हणजे विटाळ, आणि राहत्या कॅराव्हॅनमध्ये संडासही नको असतो. कौन्सिलच्या नकाशात हे धरलेलं असतंच असं नाही. संस्था आपली असेल तर डे रूमचं दार कुठल्या बाजूला हे सभासदच ठरवतात, पाहुण्यांच्या गाड्यांना किती जागा सोडायची तेसुद्धा.