क्लीनर, आरसा, कॅमेरा : मोठ्या गाडीचं मागचं कोण बघत आलंय

२०२५ च्या जुलैत राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात संप केला तेव्हा मागण्यांत एक मागणी अशी होती की अवजड गाडीवर क्लीनर ठेवायची सक्ती काढून टाका, आणि त्यानंतर सरकारकडून नियम बदलायचा मसुदाही आला की गाडीत ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टीम, म्हणजे कॅमेरे-सेन्सरनी ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा, बसवलेली असेल तर क्लीनर नसला तरी चालेल. कोल्हापुरात शिरोली, गांधीनगर, मार्केट यार्ड, जिथं जिथं आपल्याकडं ट्रान्सपोर्टवाले बसतात तिथं हा विषय निघतोच आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, क्लीनर मिळतोय कुठं आता, पोरं एमआयडीसीत कामाला जातात, कोण चार चार दिवस गाडीवर राहणार. खरं आहे ते. पण क्लीनर म्हणजे काच पुसणारा, चाकाला दगड लावणारा, जेवण करणारा एवढंच धरलं तर लई मोठी गोष्ट सुटते, कारण गाडीची डावी बाजू आणि गाडीचं मागचं बघायचं काम आपल्याकडं आरशानं कमी आणि ह्या माणसानं जास्त केलंय. तो डोळा काढायचा असेल तर त्याच्या जागी नेमकं काय येतंय हे बघायला पाहिजे, आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागतंय.

सुरुवातीला मागचं बघायची गरजच कुणाला वाटत नव्हती. बैलगाडीला आरसा नसतो, रात्री ऊस घेऊन निघालेला गाडीवान गाडीच्या खाली कंदील टांगायचा तो मागून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून, आपल्याला मागचं दिसावं म्हणून नव्हे. मोटारीही बरीच वर्षं तशाच चालल्या. इंग्लंडमध्ये डोरोथी लेविट नावाची एक नावाजलेली मोटार ड्रायव्हर होती, तिनं १९०९ साली बायकांना सल्ला दिला होता की गाडी चालवताना छोटा हातातला आरसा जवळ ठेवा, अधूनमधून वर धरून मागं काय चाललंय ते बघा. दोन वर्षांनी १९११ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते तो ओरडून सांगायचा, पण रे हॅरूनची गाडी एकट्यापुरतीच होती म्हणून इतरांनी तक्रार केली की ह्याला मागचं कसं दिसणार, हा सगळ्यांना धोका आहे. मग त्यानं समोर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. कल्पना त्यानं म्हणे काही वर्षांपूर्वी एका घोडागाडीवर बघितली होती, आणि नंतर त्यानंच सांगितलं की विटांच्या ट्रॅकवर आरसा एवढा थरथरत होता की त्यात काही धड दिसलंच नाही.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेजारी बसून मागचं बघणारा माणूस काढला आणि त्याच्या जागी आरसा आला, तोही धड काही न दाखवणारा आरसा, आणि नियम पाळला म्हणून सगळे गप्प बसले. आज क्लीनरबाबत जे चाललंय त्यात हाच धोका आहे. यंत्र बसलंय एवढ्यानं भागत नाही, त्यात दिसतंय का ते बघायला पाहिजे.

पुढं १९२१ मध्ये एल्मर बर्गरनं आरशाचं पेटंट घेतलं, विकताना तो मागून येणारा पोलीस ओळखायचं साधन म्हणून विकला. मग रात्री मागच्या लाइटनं डोळे दिपू नयेत म्हणून खाली ओढायची दांडी असलेला आरसा आला वगैरे, पण हे सगळं कारचं. ट्रकला, टँकरला, बंद कंटेनरला आतल्या आरशाचा उपयोग शून्य, मागं पत्राच दिसणार. मोठ्या गाडीचं सगळं भागवायचं ते दोन बाहेरच्या आरशांवर.

आता आपल्याकडं काय होतं बघा. चासी कंपनीतून यायची, नुसता सांगाडा, पुढचा दर्शनी भाग आणि इंजिन, त्यावर केबिन आणि हौदा इथं लाकूड-पत्र्यात बांधायचा. आरसा किती उंचावर, किती बाहेर, कुठल्या कोनात हे बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीच्या अंदाजावर आणि ड्रायव्हरच्या सवयीवर. त्यात हौदा केबिनपेक्षा रुंद, वरून माल बाहेर आलेला, ताडपत्री फुगलेली, म्हणजे आरसा असून बऱ्याच वेळा त्यात आपलाच माल दिसणार. म्हणून तर मागच्या फाळक्यावर हॉर्न ओके प्लीज लिहिलेलं असायचं. मला दिसत नाही तर तू वाजवून सांग, असा तो सरळ व्यवहार होता, आणि मागच्या फटफटीवाल्यानं तो मुकाट पाळला. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ही ओळ लिहायला बंदी केली, विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतंय म्हणून. आवाजाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण ती ओळ ज्या कारणानं आली ते कारण काही तिथं पुसलं गेलं नाही, आणि अजून कित्येक ट्रकवर ती रंगवलेली दिसते.

एसटीचं बघा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून ड्रायव्हर-कंडक्टर ही जोडी आहे आणि त्यात कंडक्टरचं काम तिकीट फाडणं एवढंच कधीच नव्हतं. दोरी ओढून एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, म्हणजे दारात कोण लोंबकळतंय, कोण चढतंय हे बघून गाडी हलवायचा निर्णय मागच्या माणसाचा. आपल्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, फलाटावरून गाडी मागं घेताना कंडक्टर खाली उतरून मागं उभा राहतो, शिट्टी मारतो, पत्र्यावर थाप मारतो. ट्रकवर तेच काम क्लीनर करतो, येऊ दे येऊ दे, डावी मार, आणि घे, बास! गांधीनगरच्या गल्लीत किंवा मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची गाडी लावताना हे रोज बघायला मिळतं. घाटात तर विचारू नका, गगनबावड्यापलीकडं करूळ नाहीतर भुईबावडा घाटात समोरून गाडी आली आणि मागं घ्यायची वेळ आली की दरीच्या बाजूला उतरून बघणारा माणूस नसेल तर ड्रायव्हर हात लावत नाही.

आणि मागं घेण्यापेक्षा जास्त धोका डावीकडं वळताना आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आपला ड्रायव्हर उजव्या बाजूला, उंचावर बसतो. उजवीकडची काच त्याच्या खांद्याला लागून असते, डावीकडचं दार त्याच्यापासून लांब, आणि त्या दाराच्या खाली, केबिनच्या पुढच्या कोपऱ्यापासून पार मागच्या चाकापर्यंत जो पट्टा आहे त्यातली मोपेड त्याला मान वळवूनसुद्धा दिसत नाही. नाकाच्या समोर लगेच खालीही तसंच, केबिन सपाट असली तर समोरून चाललेलं लहान पोर दिसत नाही. आता ताराराणी चौकात लांब गाडी डावीकडं वळायचीय तर ती आधी उजवीकडं फाकते, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गानं जात नाहीत, आतून कापतात. गाडी उजवीकडं गेली की डावीकडं मोकळी जागा तयार होते, दुचाकीवाल्याला वाटतं आपल्यालाच वाट दिली, तो घुसतो, आणि तेवढ्यात मागची चाकं आत येतात. ट्रेलर असेल तर आणखी वाईट, केबिन वळली की डाव्या आरशात नुसती ट्रेलरची भिंत भरते. ह्या क्षणी डावीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून थांब थांब म्हणणारा जो असतो तो क्लीनर, आणि गाडीवर एकटा ड्रायव्हर असला की त्या खिडकीत कुणी नसतं.

युरोपात हाच प्रश्न त्यांनी आधी आरशांनीच सोडवायचा प्रयत्न केला, तिथं सायकलवाले ट्रकच्या वळणात सापडायचे म्हणून. २००३ च्या युरोपियन नियमानं मोठ्या ट्रकला नेहमीच्या आरशासोबत एक जास्त फुगीर वाइड अँगल आरसा, दाराच्या वर बसवलेला, खाली बघणारा एक आणि नाकासमोरचं दाखवणारा एक असे जादा आरसे ठरवून दिले, आणि २००७ च्या दुसऱ्या नियमानं २००० सालापासून नोंदवलेल्या रस्त्यावरच्या जुन्या ट्रकनाही त्यातले पहिले दोन प्रवाशाच्या बाजूला बसवायला लावले. जुन्या गाड्यांना लावलं ही खरी गोष्ट, नाहीतर नवीन गाड्या रस्त्यावर यायची वाट बघत वीस वर्षं जातात. आपल्याकडं आरशांचे एआयएस-००१ आणि ००२ असे स्टँडर्ड आहेत आणि कंपनीची फुल केबिन असलेल्या अलीकडच्या ट्रकला दारावरचा आणि समोरचा असे जादा आरसे दिसायला लागलेत, पण काही गाड्यांत ते एकतर वाकवून ठेवलेले किंवा लिंबू-मिरची आणि गोंड्यांनी झाकलेले असतात. श्रद्धा असू दे, गोंडा दुसरीकडं बांधा, ती जागा कुणाच्या तरी जिवाची आहे.

फुगीर आरशाचं एक नीट समजून घ्यायला पाहिजे. सपाट आरशात अंतर खरं दिसतं पण पट्टा अरुंद, कारच्या ड्रायव्हरकडच्या सपाट आरशात जेमतेम १५-१७ अंश दिसतात. फुगीर केला की पट्टा रुंद होतो पण वस्तू बारीक आणि लांब वाटतात, म्हणून अमेरिकेत प्रवाशाकडच्या फुगीर आरशावर वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे असं छापायची सक्ती आहे. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या अँड्र्यू हिक्स नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं फार न वाकडं दाखवता साधारण ४५ अंश दाखवणारा आरसा काढला, त्याला २०१२ मध्ये पेटंट मिळालं. कारपुरता आणखी एक साधा उपाय १९९५ मध्ये जॉर्ज प्लात्झर ह्या इंजिनिअरनं मांडला होता, बाजूचे आरसे एवढे बाहेर वळवा की आपल्या गाडीची कड नेहमीच्या बैठकीत दिसूच नये, डोकं काचेकडं नेलं तरच दिसावी. बोलेरो, स्कॉर्पिओवाल्यांनी जरूर करून बघा. ट्रकला मात्र हे चालत नाही, तिथं हौद्याची कड आणि मागचं चाक आरशात दिसायलाच पाहिजे, म्हणून मोठा आरसा कडेवर आणि खालचा गोल आरसा बाहेर असं दोघांत काम वाटून घ्यायचं असतं. कारचं सांगायचं तर आपल्याकडं स्वस्त मॉडेलला डावा आरसाच न देता गाड्या विकल्या गेल्या, अगदी काही वर्षांपूर्वीपर्यंत, आणि ज्या देशात निम्म्या दुचाकी डावीकडून घुसतात तिथं हे चालून गेलं ह्याचा मला अजून राग येतो.

कॅमेऱ्याची कल्पना वाटते तेवढी नवीन नाही. १९५६ मध्ये ब्यूइकनं सेंच्युरियन नावाची एक प्रदर्शनातली गाडी केली होती तिला मागं टीव्ही कॅमेरा होता, १९७२ मध्ये व्होल्वोनं सुरक्षेच्या प्रयोगाच्या गाडीत तो लावला, आणि १९९१ च्या सुमारास जपानमध्ये टोयोटा सोअररमध्ये विकत मिळायला लागला. पण सक्ती व्हायला वेळ लागला आणि ती एका घरातल्या दुःखातून झाली. अमेरिकेत २००२ मध्ये एक डॉक्टर वडील स्वतःच्या घरासमोर एसयूव्ही मागं घेत होते, मागं त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा होता, आरशात दिसला नाही. त्या कॅमेरॉन गुलब्रॅन्सनच्या नावानं कायदा झाला, २००८ मध्ये त्यावर सही झाली, आणि प्रत्यक्ष नियम लागू झाला १ मे २०१८ ला. मागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा पडद्यावर दिसायला पाहिजे असा. एवढं करून तो नियम १०,००० पौंडांखालच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांखालच्या गाड्यांनाच! जिथं मागचं सगळ्यात कमी दिसतं तो मोठा ट्रक त्यातून बाहेर. आपल्याकडंही तसंच झालं, १ जुलै २०१९ पासून रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले ते कारना.

मोठ्या गाड्यांसाठी खरं पाऊल लंडननं टाकलं. त्यांनी विचारलं की आरशात किंवा पडद्यावर काय दिसतं ते राहू दे, ड्रायव्हरला सरळ काचेतून किती दिसतं ते आधी सांगा, आणि १२ टनांवरच्या प्रत्येक ट्रकला शून्य ते पाच स्टार दिले. २०२१ पासून शून्य स्टारवाल्याला जादा सेन्सर-कॅमेरे लावल्याशिवाय शहरात सोडत नाहीत, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही मर्यादा तीन स्टारवर नेली. त्यामुळं खालपर्यंत काच असलेलं दार आणि केबिनची कमी उंची ह्याला किंमत आली. आता युरोपात नवीन मोठ्या गाड्यांना बाजूच्या सायकलवाल्याची आणि नाकासमोरच्या माणसाची सूचना देणाऱ्या सिस्टीम सक्तीच्या आहेत, आणि आपल्या केंद्र सरकारच्या २०२५ च्या मसुद्यातही ट्रक-बससाठी ह्याच दोन गोष्टी आल्या आहेत. चांगली गोष्ट आहे, मनापासून वाटतं की लवकर व्हावं.

पण हे सगळं नवीन गाड्यांचं झालं. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर काय असतं? डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, शिगोशीग ऊस, वाढं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं, ट्रॅक्टरचा आरसा असला तरी त्यात मोळ्याच दिसणार, वरून टेप एवढा मोठा लावलेला की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. म्हणजे दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावायची मोहीम होते ती हवीच, पण तोही पुन्हा कंदीलच, मागच्याला दिसण्यापुरता. मागच्या ट्रॉलीच्या फाळक्याला एक वायरलेस कॅमेरा आणि ट्रॅक्टरवर छोटा पडदा लावायला अशक्य काहीच नाही, वाहतुकीचा करार करताना कारखान्यांनी ब्रेक आणि रिफ्लेक्टरसोबत हेही मागितलं, थोडी उचल त्यासाठी दिली, आणि टेप बंद ठेवायला लावला तर ह्याच हंगामात होण्यासारखं आहे. आणि क्लीनरच्या बदली जी सिस्टीम बसणार आहे तिची पासिंगच्या वेळी नुसती वायरिंग बघू नका, डाव्या दाराखाली एक माणूस उभा करा, ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवा आणि विचारा, दिसतोय का.