दिवाण

दिवाण : (फारसी ‘दीवान’). राज्याचा महसूल व कारभार पाहणारा मुख्य अधिकारी. हैदराबाद संस्थानात, पर्यायाने मराठवाड्यात, शासनप्रमुखाला या नावाने ओळखत.

शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. इराणचा राजा खुस्रो याने तोंडाने पुटपुटत हिशेब करणारे कारकून पाहिले आणि तो ‘दीवाने’ (वेडे) म्हणाला, अशी कथा अरब इतिहासकार इब्न खल्दूनने नोंदवली आहे; ती लोकव्युत्पत्ती दिसते. अरबी कोशकार ‘दव्वन’ (नोंदणे) या क्रियापदाकडे बोट दाखवतात, पण ते क्रियापदच ‘दीवान’वरून घडले असावे. प्राचीन फारसी ‘दिपी’ म्हणजे लेख, हे मूळ अधिक ग्राह्य वाटते. अशोकाच्या शाहबाजगढी लेखात ‘लिपी’ऐवजी ‘दिपी’च आहे, आणि मराठी ‘डबीर’ (फा. दबीर, लेखनिक) याच कुळातला. तेव्हा दिवाण म्हणजे आधी नोंदवही. खलीफा उमरच्या काळात, साधारण सातव्या शतकाच्या मध्यास, सैनिकांच्या वेतनाच्या यादीला हाच शब्द होता. पुढे कचेरी, मग तिचा प्रमुख.

मोगल काळात दिवाण शासनप्रमुख नव्हता. सुभ्यात सुभेदार वरिष्ठ, दिवाणाकडे महसूल. दख्खनेत औरंगजेबाच्या सुभेदारीत मुर्शिद कुली खानाने दिवाण म्हणून जमीनमोजणी व धाराबंदी (शेतसारा ठरवणे) केली.

हैदराबादेत मात्र दिवाणाकडे सारा कारभार आला. पहिला सालारजंग १८५३ ते १८८३ या पदावर होता, जिल्हाबंदी (राज्याची जिल्ह्यांत विभागणी) त्याचीच. दिवाणाला ‘मदार-उल-महाम’ही म्हणत, म्हणजे महत्त्वाच्या कामांचा आस (अक्ष). ‘खरिपाची सगळी मदार मृगावर’ असे आपण म्हणतो ती मदार हीच. १९१९ मध्ये कार्यकारी मंडळ स्थापन झाले, अध्यक्ष अली इमाम यांना ‘सदर-ए-आझम’ हा किताब मिळाला आणि ‘दिवाण’ मागे पडला. ‘सदर’ म्हणजे मूळ अर्थी छाती, मग बैठकीतील मानाची जागा. वाड्यात कारभारी बसे ती सदर याच अर्थाने.

पुढे शासनप्रमुखाला मुख्यमंत्री म्हणू लागले: १९५० मध्ये वेल्लोडी व १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. आज हा शब्द मराठवाड्यात दिवाणखान्यात आणि बांधाच्या भांडणातील दिवाणी दाव्यात ऐकू येतो.